एकशिक्षकी शाळा

आमच्या मनूच्या पोटात सोमवार ते शनिवार रोज सकाळी साडेसहाला दुखायचं. रविवारी दुखत नसे. दिवाळी, नाताळ आणि मुसळधार पावसामुळे जाहीर झालेली सुट्टी, या दिवशीही दुखत नसे. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि म्हणाले, "पोट उत्तम आहे. इतकं सुशिक्षित पोट मी पाहिलेलं नाही. त्याला कॅलेंडर वाचता येतं."

वर्षभर आम्ही ओवा झाला, हिंग झालं, वर्गाच्या बाईंना दोनदा भेटूनही आलो. बाई सज्जन होत्या. पण त्यांच्यापुढं साठ मुलं होती आणि साठांतल्या एकीच्या पोटात काय चाललं आहे हे त्यांना कळावं, ही अपेक्षा मलाच बोलताबोलता हास्यास्पद वाटायला लागली. शेवटी तिसरी संपल्यावर आम्ही मनूची शाळा थांबवली आणि तिला घरी शिकवायचं ठरवलं. "आम्ही" हा शब्द ठरवण्यापुरताच. शिकवायचं मी. कारण ही आठ बाराची लोकल पकडून ऑफिसला जाते आणि मी घरी बसून भाषांतरं करतो. पंपाची माहितीपत्रकं, मलमाच्या ट्यूबबरोबर येणारी घडीची चिठ्ठी, असलं माझं वाङ्मय. दिवसभर घरी दिसणारा पुरुष रिकामा असतो, अशी आमच्या पार्ल्यातल्या सोसायटीची जुनी समजूत आहे. हिनं ती मोडली नाही.

तळमजल्यावरच्या सबनीसांनी जिन्यातच विचारलं, "कायद्यात बसतं का हे?" मी कायदा वाचला होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणून सांगितलं आहे, ते न करणाऱ्याला शिक्षा काही सांगितलेली नाही, आणि घरी शिकवण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. चौदा वर्षं पुरी झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं. हे सगळं ऐकून सबनीस म्हणाले, "म्हणजे बसत नाही आणि उठतही नाही." मला याहून नेमकं उत्तर अजून सुचलेलं नाही.

शाळेची शिस्त मी पहिल्याच दिवशी घालून दिली. वेळ दहा ते एक. जागा जेवणाचं टेबल. या तीन तासांत मी "सर" आणि "तुम्ही". एक वाजता थाळी वाजली की पुन्हा "बाबा" आणि "तू". मनूला हे फार आवडलं. "सर, तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय," असं ती अदबीनं सांगायची आणि एक वाजून एक मिनिटानं "बाबा, तू वेंधळा आहेस."

पण गेल्या महिन्यातला एक आठवडा असा गेला की ही शिस्त मलाच नडली.

सोमवारी गणित होतं. अपूर्णांकांचा भागाकार. मी फळ्यावर लिहिलं, एक द्वितीयांश भागिले एक चतुर्थांश. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. उत्तर दोन.

"का उलटा करायचा?"

"नियम आहे."

"अर्ध्याला भागलं तर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं कसं येईल?"

वाचकहो, मी पदवीधर आहे. अपूर्णांक उलटे करण्यात माझी चाळीस वर्षं गेली. पण उलटा का करायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. आमच्या वेळी अपूर्णांक उलटा केला नाही तर मास्तर आम्हाला उलटे करीत. मी घसा साफ करीत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई तांदुळाचा डबा घेऊन आली. तिनं अर्धी वाटी तांदूळ काढले आणि पाव वाटीचं माप मनूच्या हातात दिलं. "बघ, अर्ध्यात पाव किती वेळा बसतं?" मनूनं दोनदा माप भरलं. "दोन!" ती ओरडली. आई माझ्याकडे न बघता डबा घेऊन आत गेली. तिला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी सगळं येतं. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. तिची शाळा सातवीला सुटली.

एखाद्या सुज्ञ माणसानं यापुढं जपून पावलं टाकली असती. मी मंगळवारी मराठी घेतलं.

अंकांची नावं लिहीत होतो. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. "एकोण" म्हणजे एक कमी, हे मी ऐटीत सांगितलं. मनू भराभर लिहीत गेली. एकोणऐंशी, एकोणनव्वद, आणि थांबली. "सर, मग नव्याण्णव का? एकोणशंभर का नाही?"

सोमवारच्या तांदुळाचे दाणे अजून टेबलाच्या फटीत होते. त्यांच्याकडे बघत मी म्हणालो, "शंभराचा मान असतो. मोठ्या माणसाला कुणी एक कमी म्हणत नाही. म्हणून शंभराच्या नावातून एक वजा करायची पद्धत नाही."

थाप सुरेख जमली होती. मला स्वतःलाच ती क्षणभर पटली. मनूनं मान डोलावली आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, "शंभराचा मान असतो." खाली पट्टीनं रेघ मारली.

बुधवारी विज्ञान. कुकर हा विषय. दाब वाढला की पाणी शंभर अंशांना न उकळता एकशेवीसच्या आसपास उकळतं आणि म्हणून डाळ लवकर शिजते, हे सगळं मी बरोबर सांगितलं. शिट्ट्या मोजायच्या तेवढ्या राहिल्या. जेवायला पोळीबरोबर लोणचं होतं.

त्याच संध्याकाळी हिची मावशी आली. मावशी संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका. मनूनं चहा यायच्या आत वही उघडली आणि "मावशीआजी, तुला माहितेय का नव्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत?" असं म्हणून शंभराच्या मानाची हकिगत सांगितली. मावशी आधी हसली. मग तिच्यातली शिक्षिका जागी झाली. "कुणी सांगितलं ग हे? संस्कृतात दोन्ही आहेत, एकोनशतम् आणि नवनवति. त्या नवनवतीचं मराठीत नव्याण्णव झालं. मानबिन काही नाही."

मनूनं माझ्याकडे पाहिलं. वेळ संध्याकाळी साडेसहाची. शाळा सुटून साडेपाच तास झाले होते.

"सर," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

ते "तुम्हाला" मला लागलं. खोटं बोलले होते सर. पण साडेसहाला घरात सर नव्हते, बाबा होता, आणि तिनं बाबाला "तुम्ही" म्हटलं होतं.

रात्री मला झोप येईना. थाप क्षुल्लक होती. नव्याण्णवच्या व्युत्पत्तीवाचून कुणाचं अडलेलं नाही. पण मला माझे शाळेचे दिवस आठवत होते. आमचे मास्तर चुकीचं सांगायचे, ते मी घरी सांगायचो. वडील म्हणायचे, "पेपरात मास्तर म्हणतात तेच लिही. खरं मात्र असं आहे." आणि वडिलांचा मार खाऊन सुजल्या तोंडानं शाळेत गेलो की तेच मास्तर काही न विचारता मला घंटा वाजवायला पाठवायचे. आमच्या चाळीत ही मेहेरबानी राष्ट्रपतिपदाच्या खालोखाल मानली जाई. म्हणजे मला दोन कोर्टं होती. एकात निकाल विरुद्ध गेला की दुसऱ्यात अपील. मनूचं एक कोर्ट मी बंद केलं होतं. जो आरोपी, तोच वकील, तोच न्यायाधीश, आणि एक वाजता थाळी वाजवणाराही तोच. आपल्या मुलाचं सगळंच आपण व्हावं, हा हक्क बापाला कुणी दिला?

हा विचार आला की मला जेम्स मिल आठवतो. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न टाकता या गृहस्थानं हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. तो १८१७ साली छापून निघाला. तो लिहीत असताना त्याच टेबलाशी त्याचा मुलगा ग्रीक शिकत बसे. ग्रीक सुरू झालं मुलाच्या तिसऱ्या वर्षी. इंग्रजी अर्थ देणारा ग्रीक कोश तेव्हा नव्हता, म्हणून दर शब्दाला मुलगा बापाला विचारी आणि एरवी कमालीचा तापट असलेला बाप लिहिणं थांबवून अर्थ सांगे. ते वाचताना मला गलबलून येतं. मी तर मलमाच्या चिठ्ठीवरूनही वर बघायला कुरकुरतो. तो मुलगा पुढं जॉन स्टुअर्ट मिल झाला. पण विसाव्या वर्षी तो असा काही खचला की कशातच राम वाटेना, आणि हे जाऊन सांगावं असा बाप हा शेवटचा माणूस, असं त्याला वाटलं. शिक्षणात कसूर नव्हती. सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

गुरुवारी इतिहास होता. गेलेली पत सावरावी म्हणून मी मुद्दाम विषय निवडला, घरी शिकलेल्या थोर स्त्रिया. जोतिरावांनी सावित्रीबाईंना घरी शिकवलं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्या माउलीनं भल्या पहाटे लेकीला झोपेतून उठवून मांडीवर घेऊन शिकवलं. ती लेक म्हणजे पंडिता रमाबाई. न्यायमूर्ती रानड्यांनी घरातल्या बायकांची टोमणेबाजी सोसत आपल्या रमाबाईंना शिकवलं. मी रंगात आलो होतो. घरशाळा हे परदेशी खूळ नाही, ही आपलीच परंपरा आहे, अशा समारोपाकडे मी निघालो होतो.

"पुढं त्यांनी काय केलं?" मनूनं विचारलं.

"सावित्रीबाईंनी जोतिरावांबरोबर १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन..."

"सर, म्हणजे त्यांना शाळा नव्हती म्हणून त्या घरी शिकल्या. आणि मोठ्या झाल्यावर त्यांनी शाळा काढल्या."

"बरोबर."

"त्यांनी शाळा काढली. आणि तुम्ही मला शाळेतून काढलं."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. तिला शब्दांची गंमत वाटली होती, "काढली" आणि "काढलं". भाषांतरकाराची मुलगी. पोटात दुखायचं म्हणून काढलं, हे खरं उत्तर माझ्याजवळ होतं. ते मी दिलंही. "हो, ते दुखायचं," ती म्हणाली आणि बराच वेळ पेन्सिलीला टोक करीत बसली.

शुक्रवारी भूगोल, भरती-ओहोटी. या वेळी मी आधीच हात टेकले आणि आईला सोबत घेतलं. आईचं माहेर हर्णैचं. तिच्याकडे हिशेब सोपा होता: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी होते. भरती रोज पाऊण तासानं, खरं म्हणजे पन्नासेक मिनिटांनी, पुढं सरकते म्हणून हा हिशेब साधारण जुळतो. त्या दिवशी षष्ठी होती. "सहा पाऊणं साडेचार," मनूनं आजीकडून घेतलेली पाऊणकी म्हटली. आम्ही जुहूला गेलो. तिनं वाळूत काठी रोवली आणि माझं घड्याळ मागून घेतलं. पाणी काठीच्या पुढं गेलं, तिथंच घुटमळलं आणि पाच वाजायला दहा मिनिटं असताना मागं सरकायला लागलं. "आजी, तू वीस मिनिटं चुकलीस," मनू म्हणाली. आई म्हणाली, "चुकले तर चुकले. समुद्र काय पंचांग वाचून येतो?" आणि भेळ मागवली. चुकण्याची ही रीत मला कुठल्याच शाळेत शिकवली नव्हती. पलीकडं शाळेच्या गणवेशातली सातआठ मुलं पाण्यात उड्या मारीत होती. मनूनं एक डोळा काठीवर आणि एक त्यांच्यावर ठेवला होता.

शनिवारी पुन्हा मराठी. अर्जलेखन. विषय तुझा तू निवड, असं मी सांगितलं. अर्धा तास हाताचा आडोसा करून तिनं लिहिलं आणि कागद माझ्यापुढं ठेवला.

"मा. मुख्याध्यापक यांसी, सादर नमस्कार. मला आपल्याविषयी माझ्या बाबांकडे तक्रार करायची असल्यामुळे सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा मिळावी, ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी."

मी अर्ज मंजूर केला. दुसरा काही मार्ग होता का?

सोमवारी सकाळी अकराला मी शर्ट बदलून, गंजिफ्रॉकवर, गॅलरीतल्या आरामखुर्चीत बाबा होऊन बसलो. मनू वही घेऊन आली.

"बाबा, आमच्या सरांना माहीत नसलं तरी ते माहीत आहे असं सांगतात."

"तो तसाच आहे," मी म्हटलं. "मी त्याला लहानपणापासून ओळखतो."

ती हसली. "तू त्यांना सांग."

"सांगतो. आणखी काही?"

तिनं वहीचं पान उलटलं. दुसरी तक्रार लिहून आणली होती. "वर्गात मी एकटीच आहे. डबा खाताना समोर कुणी नसतं. पोटात दुखत नाही, पण मधल्या सुट्टीत करमत नाही. यावर काय करायचं?"

खाली सबनीस स्कूटर पुसत होते. समोरच्या इमारतीतल्या पोरी दप्तरं घेऊन शाळेच्या बसची वाट बघत एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या. गणितातला एखादा नियम आठवतो का, संस्कृतातलं काही सुचतं का, हे मी सवयीनं शोधून पाहिलं.

"मला माहीत नाही, मनू," मी म्हटलं.

ती वही मांडीवर घेऊन ते लिहायला लागली. मध्येच थांबली.

"बाबा, 'माहीत'मधला 'ही' दीर्घ ना रे?"

"दीर्घ," मी म्हटलं.