उरलंसुरलं

बायकांसाठीच्या सरकारी आरोग्य शिबिरांचे फोटो तुम्हीही पाहिलेच असतील. ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’चा फलक, फलकावर नारीपेक्षा मोठे पुढाऱ्यांचे चेहरे आणि खाली रांगेत ताटकळलेल्या बायका. आमच्या भागातल्या शिबिराला मी गेले होते. दीपप्रज्वलन, भाषणं, शाल-श्रीफळ (हा प्रकार बंद झाला तर राज्याचं निम्मं आरोग्य आपोआप सुधारेल) आणि मग एकदाची बोटाला सुई. हिमोग्लोबिन बारा हवं. इथं आठ, नऊ, साडेआठ. लोहाच्या गोळ्यांचं पाकीट मिळालं, आणि त्याच टेबलावर चहाही. माझ्यापुढच्या बाईंनी पाकीट तिथंच फोडलं आणि गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळली. चहाबरोबर घेतलेलं लोह धड अंगी लागत नाही, लिंबूपाणी असतं तर उलट मदत झाली असती. पण लिंबूपाण्याला प्रायोजक मिळत नसावा.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं, “जेवता काय?” बाई हसल्या. “वेगळं काय जेवणार? उरतं ते वाया जायला नको म्हणून मीच संपवते.” रांगेतल्या साऱ्याजणींनी माना डोलावल्या, जणू कीर्तनच चाललंय.

अन्न हे पूर्णब्रह्म, कबूल. पण हे ब्रह्म टाकल्याचं पाप घरात एकाच व्यक्तीला कसं लागतं? पानात अर्धी पोळी टाकून उठणाऱ्या नवऱ्याला लागत नाही. ‘मला नकोय’ म्हणून वाटी सरकवणाऱ्या लेकाला लागत नाही. ती पोळी आणि ती वाटी ओट्यापाशी पोचली की मात्र त्यांत अन्नदेवता अवतरते, आणि बाई उभ्याउभ्याच प्रसाद घेतात. मग स्वतःचं जेवण वेगळं. फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यांची रांग असते (झाकण उघडेपर्यंत मला अजूनही श्रीखंडाची आशा वाटते). एकात चार चमचे आमटी, दुसऱ्यात परवाचा भात, तिसऱ्यात बटाट्याच्या भाजीचा तळ. वाचले किती? फार तर दहा रुपये. शुगर वाढली की गोळ्यांना महिन्याकाठी किती लागतात, तो हिशेब मात्र या काटकसरीच्या वहीत लिहायचा नसतो.

आणि उरतं काय, तेही बघा. मटकीची उसळ कधी उरत नाही. अंडं उरत नाही. मेथीची भाजी चांगली झाली असेल तर पातेलं पुसून जातं. उरतो भात, उरते पोळी, उरतो बटाटा. म्हणजे लोह आणि प्रथिनं घरच्यांना, पिष्ट आणि तेल घरच्या लक्ष्मीला. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक, 54 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्याच पाहणीत चारांतली जवळपास एक बाई जास्त वजनाची किंवा स्थूल. अंगात रक्त नाही आणि वजन तर वाढतंय, हे कोडं ज्याला पडतं त्यानं पातेल्याचा तळ कोण खातं ते पाहावं. नवरात्रात तर बघायलाच नको. साबुदाणा, बटाटा, वर चहा. नऊ दिवसांच्या नऊ साड्यांचे रंग पाठ असतात, चेहऱ्याचा उडालेला रंग कुणी बघत नाही.

‘वेळच मिळत नाही’ या सबबीला मी हात लावणार नाही, कारण ती खरी आहे. 2024च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली रोजची 289 मिनिटं मोजली गेली, पुरुषांची 88. ‘घरकाम हाच व्यायाम’ म्हणणाऱ्यांनी मग तो व्यायाम वाटून घ्यावा, इतकंच.

शिळं मुळातच वाईट, असं माझं म्हणणं नाही. फोडणीची पोळी ताज्या पोळीपेक्षा सरस असते आणि या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेणार नाही. माझं म्हणणं साधं आहे. अन्न वाया न घालवणं हा धर्म असेल तर तो घरात सगळ्यांनी पाळावा. उरलेलं पानात घ्यायची पाळी लावावी. सोमवारी यजमान, मंगळवारी चिरंजीव, बुधवारी सासूबाई, आणि बाईंनी त्या दिवशी बसून, ताजं, उसळीची पहिली वाटी घेऊन जेवावं. आठवडाभरात स्वयंपाक मापात होऊ लागेल आणि फ्रिजमधले श्रीखंडाचे डबे श्रीखंडासाठी मोकळे होतील.

शेजारच्या वहिनींना ही योजना सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली, माझ्यासाठी चहा टाकला, आणि म्हणाल्या, “चांगलंय हो. पण ह्यांना शिळं सोसत नाही ना!”