पानाचे माप

गेल्या आषाढात माझा भाचा दोन दिवस मालवणला राहून गेला. तो गोव्यात समुद्री जीवांचा अभ्यास करतो. आमच्या किनाऱ्यालगतची प्रवाळे हा त्याचा विषय. पूर्वी तो आला की पिशवीतून छापील निबंधांचे गठ्ठे निघत आणि इथल्या पावसात दोन दिवसांत त्यांना दमट वास येई. या खेपेला मात्र पिशवीतून एक पाटी निघाली. पाटीच म्हणायची, कारण आकार तोच आणि हात लावला तर चकाकतही नाही. "मामानू, ह्यां तेरा इंची," तो म्हणाला.

वाचनाचे असले यंत्र मला नवे नव्हते. सहा इंचांचे एक माझ्यापाशी आहे आणि मोतीबिंदू काढल्यावर त्यानेच मला पुन्हा कादंबऱ्या मिळवून दिल्या. अक्षर हवे तेवढे मोठे करावे, ओळी आपल्याआप नव्याने जुळतात. कादंबरीचे त्यात काही बिघडत नाही. पण त्याच यंत्रावर गणिताचे पुस्तक उघडले तेव्हा फजिती झाली. समीकरण मध्येच तुटे. कोष्टकाचे मथळे एका पानावर राहत, आकडे दुसऱ्यावर जात. आकृती नजरेआड झाल्यावर तिचे स्पष्टीकरण येई. मूळ पानाची जशीच्या तशी प्रतिमा घेतली तर अक्षरे मुंगीएवढी, आणि ती मोठी केली तर बोळातल्या खिडकीतून वरात पाहावी तसे. घोडा दिसतो तेव्हा नवरा दिसत नाही.

संशोधनाचे निबंध बहुधा 210 बाय 297 मिलिमीटरच्या कागदावर मांडलेले असतात. त्याचा कर्ण चौदा इंचांहून थोडा अधिक भरतो. 13.3 इंची पडद्यावर ते पान समास थोडा छाटून जवळजवळ मूळ मापात बसते. सहा इंचीपेक्षा ही जागा सुमारे पाचपट. हा फरक सोयीचा आहे असे मी आधी समजत होतो. भाच्याच्या पाटीवर माझे जुने पुस्तक उघडले आणि एका सिद्धतेची तिसरी पायरी व नववी पायरी एकाच वेळी डोळ्यांपुढे आली, तेव्हा समजूत बदलली. सिद्धता ओळीमागून ओळ वाचून कळत नाही. नजर वर जाते, खाली येते, पुन्हा आकृतीवर ठरते. किल्ल्याकडे जाणारा होडीवालासुद्धा केवळ नाळेपुढचे पाणी पाहत नाही. पाण्याखालचे खडक त्याला काठावरच्या खुणांवरून ओळखावे लागतात.

यंत्रांचे गुणगान मला करायचे नाही. 2009 साली किंडल डीएक्स हे 9.7 इंची यंत्र अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांना देऊन पाहिले, तेव्हा समासात लिहिता येत नाही अशी प्रिन्स्टनमध्ये कुरकुर झाली. अंधांना ते स्वतःचे स्वतः चालवता येत नाही म्हणून त्यांच्या संघटनांनी दाद मागितली. आणि त्याच वर्षी ऑर्वेलची '1984' ही कादंबरी विकत घेतलेल्या वाचकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसली गेली. कपाटातले पुस्तक वाळवी खाते, पण निदान ती घरात असते. आता मोठ्या पाट्यांवर लेखणीने समासात लिहिता येते. किंमत मात्र अजून शिक्षकाच्या खिशाला झेपणारी नाही.

माझ्या मनात घोळत राहिले ते वेगळेच. पान वाचकासाठी वाकावे, की वाचकाने पानापर्यंत जावे?

मी तीस वर्षे गणित शिकवले. मुलांना पुस्तक जड जाते म्हणून मी टिपणे उतरवून देत असे: प्रमेय चार ओळींत, उत्तर सहा पायऱ्यांत, प्रत्येक गोष्ट त्यांच्या मुठीत मावेल अशी. निकाल उत्तम लागत आणि लोक वाखाणत. त्यांतला एक हुशार मुलगा पुढे अभियांत्रिकीला गेला आणि वर्षभरात परत आला. कारणे आणखीही असतील. पण बंदरावर भेटला तेव्हा म्हणाला, "सर, तुमच्या वहीतलां सगळां पाठ होतां. पण पुस्तक उघडलां काय छातीत धस्स होय." त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि तेच मला लागले. मी दयेपोटी केले असे आजवर स्वतःला सांगत आलो आहे. त्यात दया होतीच, पण निकालाचा लोभही होता.

माझ्या अधू डोळ्यांसाठी अक्षर मोठे होते तेव्हा पुस्तकाचे काहीच उणे होत नाही. लेखकाचा शब्द तोच राहतो. मी त्या मुलासाठी अक्षर मोठे केले नव्हते, विषय लहान केला होता. दोन्हींना आपण सोयच म्हणतो.

दुसऱ्या रात्री वारा सुटला आणि दिवे गेले. पाटीवरचे पान मात्र तसेच राहिले. या पडद्याला वीज लागते ती पान बदलताना, ते टिकवायला नव्हे. पण त्याला स्वतःचा उजेड नव्हता. मी कंदील पेटवून जवळ ओढला. पुढ्यात भाच्याचा प्रवाळांवरचा निबंध होता: कोष्टक, आलेख आणि त्यांखालचा मजकूर, सगळे एकदम. मला त्यातले ओ की ठो कळेना.

"मामानू, सोपां करून सांगू?"

"नको," म्हटले, आणि पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली.