मनिलाचा आवाज

2007 साली मनिलातल्या एका गायकाचे काही व्हिडिओ त्याच्या मित्राने यूट्यूबवर टाकले. गाणी बहुतेक अमेरिकी, त्यांत ‘जर्नी’ या कॅलिफोर्नियातल्या रॉक बँडचीही. बँडचा गिटारवादक नील शॉन तेव्हा नव्या गायकाच्या शोधात होता. व्हिडिओ पाहून त्याने थेट मनिलाला निरोप धाडला. त्या गायकाला, आर्नेल पिनेडाला, वाटलं, कुणीतरी आपली फिरकी घेतंय! वर्ष सरता सरता तो जर्नीचा मुख्य गायक झाला होता.

ही गोष्ट यूट्यूबची करामत म्हणून सांगितली जाते, आणि त्यात पिनेडावर अन्याय होतो. आई वारल्यावर कोवळ्या वयात रस्त्यावर झोपायची वेळ आलेला हा मुलगा पुढे कित्येक वर्षं मनिला आणि हाँगकाँगच्या क्लबांतून गात होता. समोरचा मागेल ते गाणं, त्याला हव्या त्या ढंगात. यूट्यूब आलं तेव्हा ही तयारी झालेली होती.

या तयारीची मुळंही जुनी आहेत. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी चर्चमधून पाश्चात्त्य संगीत रुजवलं, 1898नंतर अमेरिकी राजवटीबरोबर शाळेतली इंग्रजी आणि जॅझ आला. शांघाय-हाँगकाँगच्या हॉटेलांत फिलिपिनो वादक पोट भरू लागले. गोव्याचा इतिहास याच्या फार जवळचा आहे. पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले गोवेकर मुंबईच्या जॅझ बँडमध्ये आणि मग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं संगीत-संयोजन करणारे सबॅस्टियन डिसूझा त्यांतलेच.

अशा कलावंतांना नकलाकार म्हणणं सोपं असतं. पण परक्याचं गाणं त्याच्याच चाहत्यांपुढे उभं करायला लागतो तो कान वर्षानुवर्षांच्या मेहनतीने तयार होतो. मात्र एक गोष्ट खटकते. फिलिपिनो गळ्याला जग दाद देतं ती बहुधा त्याने जगाचंच गाणं गायल्यावर. याला अपवादही आहेत: फिलिपिनो गायक फ्रेडी अगिलार याचं ‘अनाक’ हे टागालोग भाषेतलं गाणं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, इंटरनेट नसताना, अनेक भाषांत पोचलं होतं.

पिनेडा आल्यावर जर्नीच्या काही जुन्या चाहत्यांनी त्याच्या वंशावरूनच नाकं मुरडली. अमेरिकेतले फिलिपिनो मात्र मोठ्या संख्येने मैफलींना येऊ लागले. 2008च्या ‘रेव्हलेशन’ या अल्बममध्ये नव्या गाण्यांसोबत बँडची गाजलेली जुनी गाणीही पिनेडाच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित झाली.