भर दुपारी विहिरीपाशी

शास्त्रपाठ : योहान ४:१-४२



प्रभू येशू यहूदीया सोडून गालीलाकडे निघाला होता. वाट शोमरोनातून होती. सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीपाशी पोहोचेपर्यंत तो थकून गेला आणि तेथेच टेकला. वेळ भर दुपारची होती. शिष्य अन्न विकत घेण्यास गावात गेले, तो मात्र गेला नाही. ज्याला योहान आरंभीच देवाचा शब्द म्हणतो, तोच प्रवासाने दमला होता हे लिहिताना त्याला कसलाही संकोच वाटत नाही.

आपल्या मंडळ्यांत अशा बसण्याची लाज वाटणारे काही बंधुभगिनी आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या दीर्घ आजाराने ते ग्रस्त आहेत. आपल्या शरीरातील नसांवर मायलिन नावाचे आवरण असते. या आजारात शरीराची संरक्षक शक्तीच त्या आवरणावर उलटते. आवरण झिजले की मेंदूचा संदेश रखडत जातो आणि शरीराचे तापमान अर्धा अंश सेल्सिअस जरी वाढले तरी तो वाटेतच अडू शकतो. मग दृष्टी अंधूक होते, पाय जड होतात, हातातील वस्तू निसटते. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली पाहिले, की श्रमानंतर काही रुग्णांना दिसेनासे होते. त्याने श्रमालाच कारण मानले. खरे कारण उष्णता आहे हे पुढे समजले. शरीर थंड झाले की हा त्रास बहुधा ओसरतो आणि उष्णतेने नसांना नवी इजा होत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु नागपूरच्या किंवा दिल्लीच्या मे महिन्यात हे समाधान पुरत नाही. सकाळी स्वतःच्या पायांनी चालणारी भगिनी दुपारी भिंत धरून उभी राहते. पाहणारे म्हणतात, “सकाळी तर ठीक होती!” कोणी आळस म्हणतो, कोणी ढोंग, तर कोणी विश्वासाची उणीव. आणि ती एकांतात १२१ वे स्तोत्र उघडते. दिवसा सूर्याची बाधा होणार नाही असे अभिवचन तेथे आहे. ती विचारते, “मग मलाच का बाधा होते? माझ्या विश्वासात काही खोट आहे काय?”

प्रिय भगिनी, प्रिय बंधू, हा प्रश्न विचारण्यात पाप नाही. ते स्तोत्र यरुशलेमेच्या वाटेवर चालणाऱ्या यात्रेकरूंचे आहे. त्यांच्या माथ्यावर ऊन होतेच. त्याच स्तोत्रात परमेश्वराला उजव्या हाताची सावली म्हटले आहे, आणि जेथे ऊन नाही तेथे सावलीची गरज काय? ऊन तापणारच नाही असे देव सांगत नाही. तापलेल्या वाटेवर तुझा राखणदार झोपी जात नाही, असे तो सांगतो. सावलीत जाणे म्हणजे त्या अभिवचनावर अविश्वास दाखवणे नव्हे; ते अभिवचन हाती घेणेच होय.

योना संदेष्ट्याचे उदाहरण पाहा. तो निनवेबाहेर रुसून बसला होता. तरीही देवाने त्याच्यावर सावलीसाठी वेल उगवविला. वेल सुकल्यावर पूर्वेचा झळईचा वारा सुटला, डोक्यावर ऊन लागले आणि योना इतका मूर्च्छित झाला की त्याने मरण मागितले. उष्णता शरीराबरोबर मनालाही कशी पाडते, हे पवित्र शास्त्राला ठाऊक आहे. आणि सावली कोणाला मिळाली? रुसलेल्या, तक्रार करणाऱ्या माणसाला. ती योग्यता पाहून मिळाली नाही. मग तुम्ही ती स्वीकारताना अपराधी का वाटून घ्यावे?

म्हणून देवाने दिलेली साधने आभार मानून वापरा. बाहेरची कामे सकाळी लवकर उरका. कढत पाण्याने स्नान टाळा. गार पाण्याचे घोट घेत राहा, मानेवर ओला पंचा ठेवा. बधिर झालेल्या त्वचेवर मात्र बर्फ थेट लावू नका. वारंवार लघवीला जावे लागेल या भीतीने पाणी तोडू नका. ताप आल्यास दुर्लक्ष करू नका. आणि शरीर थंड होऊनही त्रास दिवसभर टिकला, तर तो आजाराचा नवा झटका असू शकतो; डॉक्टरांना भेटा.

आता मंडळीला एक शब्द. विहिरीपाशी बसलेल्या प्रभूने एका अनोळखी स्त्रीकडे पाणी मागितले. जिवंत पाणी देणारा तो स्वतः मागणारा झाला. आज तो कोणाच्या रूपाने मागत आहे? भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मल्टिपल स्क्लेरोसिसला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले. कायद्याने जे ओळखले, ते प्रभूच्या मेजाभोवती जमणाऱ्यांनी ओळखू नये काय? पंख्याखालचे एक आसन राखून ठेवा. गीताच्या वेळी कोणी बसून राहिले तर मागे वळून पाहू नका. उन्हाळ्यात सकाळच्या उपासनेचा विचार करा. जी येऊ शकली नाही तिच्या घरी संध्याकाळी जा. गार पाण्याच्या एका प्याल्याचेही प्रतिफळ बुडणार नाही, असे प्रभूने सांगितले आहे. उष्ण देशात राहणाऱ्या आपल्याला त्या प्याल्याचे मोल वेगळे सांगायला नको.

शेवटी एक गोष्ट ध्यानात घ्या. शिष्य चालत होते, बाजारहाट करीत होते. प्रभू बसला होता. तरी त्या दुपारी सुवार्तेचे कार्य बसलेल्याच्या हातून झाले, आणि त्या स्त्रीच्या साक्षीने गावातील पुष्कळांनी विश्वास ठेवला. तुमचे पाय दुपारी थांबले म्हणून तुमची सेवा थांबत नाही. खिडकीचा पडदा ओढून, अंधाऱ्या खोलीत पडून केलेली प्रार्थनाही त्याच विहिरीपाशी पोहोचते.

जो स्वतः भर दुपारी थकून बसला, तो तुमचे बसणे जाणतो. त्याची सावली तुम्हांवर राहो. आमेन.