नव्या पाटीची पारख

मुंबईसारख्या शहरात एखादे नवे उपाहारगृह किंवा मिष्टान्नाचे दुकान उघडले, म्हणजे त्याच्या दारावरचे झेंडूचे तोरण सुकण्यापूर्वीच त्याच्याविषयीचे निकाल जाहीर होऊ लागतात. पहिल्या आठवड्यात रस्त्यापर्यंत रांग लागते, दुसऱ्या आठवड्यात पदार्थांची छायाचित्रे सर्वत्र फिरतात, आणि तिसऱ्या महिन्यात, ज्या वेळी आचाऱ्याचा हात नुकता कोठे बसू लागलेला असतो, त्या वेळी बहुतेकांचे कुतूहल पुढच्या पाटीकडे वळलेले असते. या घाईत दुकानाचे नुकसान होते हे तर खरेच. परंतु त्याहून मोठे नुकसान शहराचे होते, असे माझे मत आहे, कारण नव्या जागेची पारख करण्याचे काम नागरिकांनी घाईघाईने उरकले, की पुढील पिढीला या शहरात काय खावयास मिळणार, हेही त्याच घाईत ठरून जाते. अमुक एक जागा आवर्जून जाण्यासारखी आहे की नाही, हा प्रश्न वरवर चैनीचा दिसतो. मला तो नागर जीवनाचा प्रश्न वाटतो. त्याचे उत्तर द्यावयाचे तर मी एकच कसोटी लावतो: या जागेने शहराला असे काय दिले, जे तिच्यापूर्वी शहराजवळ नव्हते?

ज्या जागांना आज आपण जुन्या म्हणून मान देतो, त्यांपैकी प्रत्येकीच्या दारावर एके काळी नवी पाटी होती. इराणातील यझ्द व केरमान या भागांतून जे जरथुष्ट्री लोक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईस येत राहिले, त्यांनी रस्त्यांच्या नाक्यांवर चहाची दुकाने थाटली. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ मधले, ग्रँट रोड स्थानकाजवळचे मेरवान १९१४ मधले, बॅलार्ड इस्टेटीतले ब्रिटानिया १९२३ मधले. या दुकानांतला चहा व ब्रून मस्का उत्तम होताच, परंतु त्यांची खरी देणगी निराळी होती. ज्या काळी जेवणाच्या पंक्तीला बसण्यापूर्वी माणसाची जात विचारली जात असे, त्या काळी संगमरवरी मेजाशी कोणीही यावे, शेजारच्या खुर्चीवर कोण बसला आहे याची चौकशी न करता चहा प्यावा, आणि खिशात दमडी असेपर्यंत निर्वेधपणे बसावे, ही मुभा इराण्याने या शहराला दिली. १९४२ मध्ये माटुंग्यास रामा नायकांनी उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले, तेव्हा दक्षिणेकडून आलेल्या कारकुनांना आणि विद्यार्थ्यांना केळीच्या पानावर घरच्यासारखा सांबारभात मिळू लागला. १९८४ मध्ये रघुनंदन कामत यांनी जुहूस जे चिमुकले दुकान उघडले, त्यात आरंभी मुख्य पदार्थ पावभाजी होता आणि आइस्क्रीम केवळ जोडीला होते. परंतु कर्नाटकातील किनारपट्टीवरच्या एका फळविक्रेत्याचा हा मुलगा पिकलेल्या फळाची नाडी ओळखणारा होता, आणि सीताफळ, चिकू, शहाळे यांची चव सुगंधी अर्काच्या बाटलीतून न येता फळाच्या गरातूनच यावी, हा त्याचा आग्रह पुढे ‘नॅचरल्स’ या नावाने शहरभर पसरला. उडुपीवाला, इराणी, मंगळुरी हे सारे बाहेरून आलेले होते. मुंबईची म्हणून जी चव आपण अभिमानाने सांगतो, तिचा मोठा हिस्सा या परक्यांच्या नव्या पाट्यांनी घडविला आहे, आणि त्या पाट्यांना प्रथम दार उघडून आत जाणाऱ्या, आज अनाम झालेल्या गिऱ्हाइकांनी तो टिकविला आहे.

नव्या जागांचा विचार करताना माझे मन सर्वांत अधिक रेंगाळते ते गिरणगावात. लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोड या भागांत कोकणातून व घाटावरून आलेला गिरणी कामगार एकेका खोलीत दहा-पंधरा जणांच्या सोबतीने, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने निजत असे. बायको गावी, चूल गावी, आणि पोटाची व्यवस्था खानावळवाल्या बाईकडे. ही बाई स्वतः बहुधा कामगाराच्याच घरातली असे. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्यांसाठी ती रात्र सरण्यापूर्वी चूल पेटवी, आणि पगार होईपर्यंत महिनाभराचे जेवण वहीवर उधार लिहून ठेवी. वाण्याचे देणे व सावकाराचे व्याज यांखाली चिरडून गेलेल्या या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या चुलीपर्यंत आणले. या शहरातील भोजनव्यवसायाचा इतिहास जर कोणी यथार्थपणे लिहिला, तर त्यात या घटनेस कोणत्याही प्रसिद्ध उपाहारगृहाच्या उद्घाटनापेक्षा वरचे स्थान द्यावे लागेल. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्यांचे भोंगे एकामागून एक कायमचे थांबले, आणि खानावळींच्या चुलीही त्यांच्यामागून विझत गेल्या. जमीन मात्र तेथेच राहिली. तिच्यावर कचेऱ्या उठल्या, आणि कचेऱ्यांच्या पाठोपाठ उपाहारगृहे आली.

त्यांपैकी लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात २०१५ मध्ये उघडलेले बॉम्बे कँटीन हे मी महत्त्वाचे मानतो. मुंबईत जन्मलेले व न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले फ्लॉइड कार्डोझ हे त्याचे मार्गदर्शक होते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत त्यांचे निधन झाले. ही जागा उघडेपर्यंत आपल्याकडील महागड्या भोजनगृहांत बहुधा एक तर परदेशी पाकपद्धती असे, नाही तर उत्तरेकडील तंदुरी व दाट रश्शांचा साचा असे. प्रांतोप्रांतीच्या घरांत शिजणाऱ्या भाज्या, भरड धान्ये आणि खेडोपाडीचे मसाले यांना तेथे क्वचितच प्रवेश मिळे. त्यांना शुभ्र वस्त्राच्या मेजावर सन्मानाने बसविणे, हे या जागेने शहराला दिले. तिच्याच चालकांनी २०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ओ पेद्रो काढून गोव्याच्या पोदेराची पोई कचेरीतल्या लोकांपुढे ठेवली, तीही मला आदराची गोष्ट वाटते. तथापि एक खंत नोंदविल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. ज्या भूमीवर सुक्या बोंबलाची चटणी, काळ्या वाटाण्याची आमटी आणि घाटावरचे तिखट मटण यांवर दोन पिढ्या राबल्या, त्या भूमीवर हाच स्वयंपाक अभिमानाने आणि मध्यम मिळकतीच्या माणसाला परवडेल अशा दराने मांडणारी नवी जागा उघडावी, आणि ती खानावळवालीच्या लेकीसुनांनी चालवावी, हे माझे मनोगत आहे. अशी पाटी जेथे लागेल तेथे पहिल्या दिवशी उभे राहण्यास मी तयार आहे.

याच कमला मिल्समध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा माणसे प्राणास मुकली. त्यांतील कित्येकांनी धुरापासून आश्रय म्हणून स्वच्छतागृह गाठले होते. तेव्हापासून नव्या जागेत शिरताना मी खाद्यपदार्थांच्या यादीकडे पाहण्यापूर्वी बाहेर पडण्याचे दुसरे दार कोठे आहे ते पाहतो, आणि प्रत्येक वाचकाने तसेच पाहावे, असे माझे निक्षून सांगणे आहे. अन्नसुरक्षेच्या परवान्याचा चौदा आकडी क्रमांक दर्शनी भागी लावणे दुकानदारास बंधनकारक आहे. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला दप्तरात असला पाहिजे. आणि जिन्यात सिलिंडर किंवा मालाची खोकी रचलेली असतील, तर आतल्या पदार्थाची चव कितीही अप्रतिम असो, ती जागा जाण्यासारखी नव्हे. सरकारी तपासनीस वर्षातून क्वचित येतो. गिऱ्हाईक रोज येते, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाचे भय मालकाला तपासनिसाच्या शेऱ्याहून अधिक असते.

आता मिष्टान्नांच्या दुकानांविषयी. यांचे पीक अलीकडे अमाप आले आहे. कधी वॅफलची लाट येते, कधी चीजकेकची, कधी कोरियातल्या बर्फाच्या भुग्याची, आणि दुबईची पिस्ता-कुनाफा भरलेली चॉकलेटे तर अल्पावधीत गल्लोगल्ली पोचली. परदेशी पदार्थाविषयी माझा मुळीच आक्षेप नाही. ज्या शहराने इराण्याचा मावा केक आपला मानला, त्याने कुनाफ्याला दार लावून घेणे शोभणार नाही. आक्षेप आहे तो एकाच लाटेवर शेजारी शेजारी उभ्या राहणाऱ्या, एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून एकच सारण विकत आणणाऱ्या आणि लाट ओसरताच कुलूप लावणाऱ्या दुकानांना; त्यांच्यामागे शहरात चव उरत नाही, केवळ रिकामे गाळे उरतात. अशा दुकानाची परीक्षा ऋतूवरून करावी. पौष-माघात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, वैशाखात हापूस, ज्येष्ठात जांभूळ, आश्विनात सीताफळ, आणि थंडीत डहाणू-घोलवडचा चिकू ऐन भरात असतो. इतके समृद्ध पंचांग हाताशी असताना ज्या दुकानाचा फलक बाराही महिने तोच राहतो, त्याच्या मुदपाकखान्यात फळ येतच नसावे, असा तर्क करण्यास हरकत नाही. दुसरी परीक्षा स्निग्धांशाची. आपल्या कायद्यानुसार आइस्क्रीममध्ये किमान दहा टक्के स्निग्धांश असावा लागतो आणि तो दुधाचाच असावा लागतो. वनस्पती तेल घालून गोठविलेला पदार्थ ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणून विकावा लागतो. दोन्ही खाण्यास मोकळीक आहे, परंतु दुधाचे दाम घेऊन तेल देणारे दुकान एकदाही क्षमेस पात्र नाही. वेष्टनावरील बारीक मजकूर वाचावा, आणि वेष्टन नसेल तर उघडपणे विचारावे.

भायखळ्यात २०२० च्या मार्चमध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या ऐन तोंडावर, उघडलेले बॉम्बे स्वीट शॉप या कसोट्यांवर मला उतरलेले दिसते. दिवाळीला भेट म्हणून आलेला मिठाईचा पुडा न उघडताच दुसऱ्याकडे धाडण्याची रीत आपल्या मध्यमवर्गात रूढ झाली होती, आणि नवी पिढी पेढा-बर्फी सोडून पेस्ट्रीकडे गेली होती. अशा वेळी पतिशाच्या तंतूंना नारळ व कॅरॅमल यांची जोड देऊन या दुकानाने मिठाईला पुन्हा स्वतःसाठी विकत घेऊन खाण्याची वस्तू केली. हलवायाच्या हातातले कसब हे चॉकलेट घडविणाऱ्या परदेशी कारागिराच्या कसबाहून तसूभरही कमी नाही, ही जाणीव तरुणांत रुजविणे ही लहानसहान कामगिरी नव्हे. दर चढे आहेत, हे खरे; तरी एकच तुकडा घेऊन बाहेर पडता येते, आणि त्यामुळे ते दार अरुंद राहत नाही.

वांद्र्याच्या रनवार भागातील जुन्या जूड बेकरीच्या वास्तूत २०२३ मध्ये उघडलेल्या व्हेरॉनिकाज या सँडविचच्या दुकानाविषयीही मला असेच म्हणता येते. भट्टी थंडावलेल्या जागेत पुन्हा पावाचाच व्यवहार सुरू व्हावा, यात त्या मोहल्ल्याविषयीची निष्ठा दिसते. त्याच्याच वरच्या मजल्यावर २०२४ मध्ये पापाज नावाचे अवघ्या बारा आसनांचे भोजनगृह उघडले. बारा माणसांना एकाच मेजाशी बसवून आचाऱ्याने समोर उभे राहून वाढावे, यातील आस्था मी जाणतो. परंतु जेथे एका पानाला सामान्य माणसाच्या घरातील कित्येक दिवसांच्या बाजारहाटाइतके पैसे मोजावे लागतात, त्या जागेने शहराला काय दिले, याचे उत्तर तिच्या बाराच खुर्च्यांमुळे अपुरे राहते. तेथील कल्पना पुढे कोणा शिष्याच्या हातून स्वस्त दुकानात उतरली, तर मी माझा निकाल आनंदाने बदलीन.

वाचकांना माझी विनंती अशी आहे. नवी पाटी लागली की तीन महिने धीर धरावा, मग एखाद्या मंगळवारी दुपारी, गर्दी नसताना, तेथे जावे आणि यादीतला सर्वांत साधा पदार्थ मागवावा. उपाहारगृहात वरणभात किंवा आमलेट, मिष्टान्नाच्या दुकानात साध्या मलईचे आइस्क्रीम, कारण साध्या पदार्थात उणीव झाकण्यास जागा नसते. काही खटकले तर ते जगजाहीर करण्यापूर्वी मालकाला समक्ष सांगावे. पुष्कळदा तो ऐकतो. आणि पदार्थ मनास आला असेल, तर मित्रांना केवळ शिफारस करून न थांबता पुढच्या महिन्यात स्वतः पुन्हा जावे, कारण शिफारशीवर दुकान चालत नाही, आणि गाळ्याचे भाडे दर महिन्याला भरावे लागते.