वाचनसुख आणि सत्त्वगुणाचा पाश

ग्रंथवाचनात मिळणारा आनंद साधकाला तारक की बाधक, हा प्रश्न गृहस्थाश्रमी वाचकांना क्वचितच पडत असेल. विषयसुखाविषयी आपण सावध असतो. पण सद्ग्रंथात रमलेल्या मनाविषयी शंका कोण घेणार? भगवद्गीता मात्र ती घेते. चौदाव्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात भगवंत सांगतात की, निर्मळ आणि प्रकाशक असा सत्त्वगुणही जीवाला बांधतो, आणि तो बांधतो सुखाच्या व ज्ञानाच्या आसक्तीने.

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला हा श्लोक निराळ्या रीतीने भेटतो. पाठशाळेतील अध्ययन आनंदाचे होते. पुढे ग्रंथ हाती येई तो लेखणीसह. पंक्ती दिसली की तिला मराठी पर्याय कोणता, एवढाच विचार. गेल्या चातुर्मासात अंगावर काम नव्हते, म्हणून ज्ञानेश्वरी पहिल्या ओवीपासून घेतली, केवळ वाचण्यासाठी. आरंभी मन बसेना. पंधरवडा लोटल्यावर रात्री दिवा मालवणे जिवावर येऊ लागले.

यात नवल नाही. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असते, हे अठराव्या अध्यायातील वचन सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु लगतच्या आधीच्या श्लोकात या सुखात मन अभ्यासाने रमते असे म्हटले आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. वाचनाची गोडी गेली अशी तक्रार करणारे बहुधा गोडी आधी यावी आणि अभ्यास मग घडावा, अशी अपेक्षा धरून बसलेले असतात.

असे रमत असतानाच चौदावा अध्याय आला. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथात ज्ञानदेवांनी सत्त्वगुणाला पारध्याची उपमा दिली आहे. सुख व ज्ञान हे त्याचे फासे आणि जीव हे त्यात सापडलेले हरीण. पुढे ते स्वप्नातल्या राजाचा दृष्टांत देतात. स्वप्नात भिकारी झालेल्या त्या राजाला दोन दाणे मिळतात आणि तो स्वतःला इंद्र समजू लागतो. शंकराचार्यांनीही आपल्या भाष्यात हे ज्ञान अंतःकरणाचा धर्म, म्हणजे क्षेत्राचा धर्म ठरविले आहे, आत्म्याचा नव्हे.

मग पोथी मिटून ठेवावी काय? शतपथ ब्राह्मण तसे म्हणत नाही. स्वाध्याय व प्रवचन ही प्रिय असतात, त्यांनी मन एकाग्र होते, झोप सुखाची लागते, मनुष्य स्वतःचा उत्तम वैद्य होतो, असे तेथे सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर अभ्यंग करून, अलंकार लेवून, तृप्त होऊन मऊ शय्येवर पडल्या पडल्या जो स्वाध्याय करतो, त्याचेही नखाग्रापर्यंत तप घडते. (आम्हा गृहस्थांना परवडणारे तप ते हेच!) सुखाचा विटाळ त्या ऋषींना वाटला नाही.

माझ्या मते फासा आवळतो तो वाचनात खंड पडतो त्या क्षणी. पोथी उघडी असताना वृद्ध आईने औषधासाठी हाक मारली, दारी पाहुणा आला, मुलाने गणित अडले म्हणून पाटी पुढे केली, आणि कपाळाला आठी पडली, तर तेवढा वेळ आपण ग्रंथ भोगत होतो असे समजावे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत सत्य, तप, दम, अतिथी, संतती यांपैकी प्रत्येकाचे नाव घेऊन त्याच्याबरोबर स्वाध्याय-प्रवचन पुनःपुन्हा सांगितले आहे. पाहुण्याचे आदरातिथ्य आणि अध्ययन ही एकमेकांच्या वाटेत येतात, असे त्या ऋषीच्या मनातही आलेले दिसत नाही. शिवाय स्वाध्यायासोबत प्रवचन आहेच. वाचलेले दुसऱ्याच्या कानी पडले पाहिजे.

आमच्या घरी आता रात्रीच्या जेवणानंतर ज्ञानेश्वरी मोठ्याने वाचली जाते. उद्याचे तांदूळ निवडीत बसलेली मंडळी मध्येच थांबवून अर्थ विचारतात, आणि तो सांगताना व्याकरण कामी येत नाही. गती निम्म्यावर आली आहे. परवा त्या स्वप्नातल्या राजापाशीच दोन रात्री गेल्या. तो जागा झाल्यावर त्याला त्या दाण्यांची आठवण राहिली असेल का, असे धाकट्याने विचारले होते.