दुःखाच्या वाटेवरील लहान आनंद : पंचवटीची शिकवण

श्रीक्षेत्र पंचवटीस येणारा प्रत्येक भाविक प्रसन्न मनानेच येतो असे नाही. कोणी नवस फेडावयास येतो, तर कोणी वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर उतरतो. विधी आटोपून घाटाच्या पायरीवर बसलेल्या अशा माणसापुढे कोणी गरम चहा धरतो. समोर एखादे मूल पाण्यात पाय आपटून खदखदून हसते आणि नकळत त्याच्याही ओठांवर हसू उमटते. दुसऱ्याच क्षणी त्याचे मन त्याला विचारते, ‘आजच्या दिवशी मला हसू यावे, हे योग्य आहे काय?’ दुःख भोगणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी टोचतो. त्याचे उत्तर शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही.

वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात पंचवटीतील वास्तव्याचे वर्णन आहे. राज्य गेले होते, पिता पुत्रवियोगाने निवर्तला होता आणि वनवास अजून संपावयाचा होता. अशा वेळी लक्ष्मणाने मातीच्या भिंती, वेळूचे खांब, शमीच्या फांद्या आणि गवत-पानांचे छप्पर अशी पर्णशाळा उभारली. अयोध्येच्या राजप्रासादापुढे तिची काय कथा! तरीही ती पाहून श्रीराम व सीतामाई हर्षित झाले. या कामाचे पारितोषिक म्हणून श्रीरामांनी भावाला दृढ आलिंगन दिले आणि ‘तू असता माझे वडील गेलेच नाहीत’ अशा आशयाचे उद्गार काढले. नव्या घराचा आनंद आणि पित्याची आठवण एकाच मिठीत सामावली.

पुढे हेमंत ऋतू येतो. पहाटे तिघे गोदावरीवर स्नानासाठी निघतात. वाटेत लक्ष्मण धुके, दवाने भिजलेले रान आणि श्वासाने अंधुक झालेल्या आरशासारखा चंद्र यांचे वर्णन करतो. तहानलेला हत्ती थंडगार पाण्याला सोंड लावतो आणि झटकन मागे घेतो, हेही त्याच्या दृष्टीतून सुटत नाही. बोलता बोलता त्याला कैकेयी आठवते आणि जिभेवर कडवटपणा येतो. तेव्हा श्रीराम त्याला थांबवतात. मातेची निंदा नको, भरताविषयीच बोल, असे सांगतात. आनंद टिकवावयाचा असेल तर मनातील कडवटपणाला वेळीच आवर घालावा लागतो, हे येथे दिसते. त्यानंतर स्नान होते आणि पितरांना तर्पणही. हेमंताचे कौतुक आणि पितरांचे स्मरण एकाच सकाळी, एकाच काठावर झाले. त्यांपैकी एकानेही दुसऱ्याला खोटे ठरविले नाही.

म्हणून घाटावर आलेले ते हसू म्हणजे गेलेल्या माणसाशी प्रतारणा नव्हे. मात्र लहान आनंदाकडून भलती अपेक्षाही करू नये. याच पंचवटीतून पुढे सीताहरण झाले. श्रीरामांनी झाडाझाडाला विचारीत विलाप केला. लहान आनंद संकट टाळत नाही आणि अश्रूंची जागाही घेत नाही. तो केवळ मन कोरडे पडू देत नाही. आणि ओलावा टिकलेले मनच पुढची वाट चालू शकते.

‘लहानसहान सुखात रमणारा माणूस अन्यायही मुकाट्याने सोसू लागेल,’ अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तरही नाशिकनेच पाहिले आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. हे लेखन अवघ्या पाच दिवसांचे. कोठडीत त्यांना आठवले ते घरातले साधे क्षण: न्हाऊन निघालेल्या मुलाच्या पायांना माती लागू नये म्हणून आईने दगडावर पसरलेला लुगड्याचा ओचा. या आठवणींनी ते स्वस्थ बसले नाहीत. याच गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. आईच्या मायेचा ओलावा ज्याने जपला, त्याला इतरांच्या वाट्यास आलेला दुरावा सहन झाला नाही.

हे आनंद विकत मिळत नाहीत. ते दिसावे लागतात आणि शक्य तेथे दुसऱ्यालाही द्यावे लागतात. आपण दर्शन घेऊन परत निघाल तेव्हा क्षणभर घाटावर थांबावे. उन्हाने तापलेली पायरी, पाण्यावर हलणाऱ्या दिव्याची ज्योत, अनोळखी माणसाने बसावयास करून दिलेली जागा, यांपैकी काही ना काही आपल्या वाट्यास येईल. आणि शेजारी कोणी शोकाकुल बसलेला आढळल्यास त्याला उपदेश न करता पाण्याचा पेला पुढे करावा. देणगी लहान असो वा मोठी, तिचे खरे रूप हेच आहे. लक्ष्मणाची पर्णशाळा गवत-पानांचीच होती. पण ती प्रेमाने बांधलेली होती, म्हणून वनवासात तिने प्रभूंनाही सुख दिले.

॥ श्रीरामार्पणमस्तु ॥